घरचा वायसर

निमगावात साखरबाईच्या अंगणातला हातपंप बंद पडून चार दिवस झाले होते. तिचा नवरा जोतीराम दोनदा बारामतीला जाऊन आला, पण मिस्त्री "उद्या येतो" म्हणायचा आणि फिरकायचा नाही. पाचव्या दिवशी ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून तिसरी खेप आणल्यावर साखरबाईनं पान्हा हातात घेतला.

"बाईमाणसाचं काम न्हाय ते. मोडून ठेवशील," जोतीराम म्हणाला.

"चालू कुठं हाय, मोडायला?"

तिनं पंप खोलला. आतल्या चामडी वायसरची पार चिंधी झाली होती. अडगळीतल्या जुन्या मोटेचं चामडं तिनं त्याच मापानं कापलं, तेलात मुरवलं आणि बसवलं. वरून तांब्याभर पाणी ओतून ती हापसत राहिली. दंड भरून आले, तेव्हा कुठं भडाभडा पाणी आलं.

दुपारी मिस्त्री उगवला. पाणी बघून थबकला.

"वायसर कुठनं आणला, वैनी?"

"घरीच केला."

मिस्त्रीनं मान खाली घातली. "बारामतीत वायसरच मिळंना, म्हणून तोंड चुकवत हुतो. पाच गावचं पंप बंद हायती. मलाबी करायला दावता का?"

साखरबाईनं जोतीरामकडं एकदाच बघितलं.

"बसा," ती मिस्त्रीला म्हणाली. "शिकिवते."