तळ्याखालचा आड

आडाला पाणी लागलं तशी पार्वतम्मा काठावर पाय रोवून सरजाबाईला म्हणाली, "थांब गं तिथंच. आमी वरून घालतो."

सरजाबाईचा हात पोहऱ्याच्या दोरीपाशीच राहिला. शेजारी तिची सून उभी. सून नांदेडची, तिला कायबी कळेना. घरी तिचं लेकरू जुलाबानं सुकून निपचित पडलेलं.

धरणाचं तळं भरलेलं होतं तवर बरं होतं बघा. जुनं गाव त्यात बुडालं, सगळे वर माळावर आले, आन् एकाच काठाला सगळ्यांच्या घागरी बुडाल्या. कुणाच्या पोटात दुखलं न्हाई. मग जिल्हा नवा झाला, दुष्काळ जुनाच राहिला, आन् पाणी हटत गेलं. आधी महादेवाचा कळस निघाला. मग पेठेतल्या भिंती. मग हा आड, तोंडापर्यंत गाळानं भरलेला. सरजाबाईची वस्ती ओढ्याकाठी, सगळ्यात खोल. ती अजून हिरव्या डबक्याखालीच हाय.

गाळ उपसताना मात्र कुणाला काय आठवलं न्हाई. सरजाबाईचा पंढरी आडात उतरला, कमरेएवढ्या चिखलात राबला, तवा समदे वरून म्हणत होते, "शाब्बास रे वाघा!" आता वाघाच्या आईला थांब म्हणे!

"माझ्याच लेकानं उपसलाय की आड," सरजाबाई म्हणाली. तिला आवाज चढवायचा होता, पण नातू डोळ्यापुढं आला. "लेकरू मराया लागलंय, अक्का."

"मग घालतो म्हणलं की! न्हाई कुठं म्हणलं?" पार्वतम्मा हसली. जुनं माहेर सापडल्यागत खुशीत होती बाई. "जागा इसरलीस व्हय? तुमचा दगड बी निघालाय बघ."

सरजाबाईनं तिकडं बघितलं न्हाई. आडापासून लांब, मधोमध खळगा पडलेला तो दगड. कुणीतरी येईल, वरून पाणी घालील, म्हणून तिची आई त्याच्यापाशी उन्हात बसायची. धम्म घेतला त्या दिवशी सरजाबाई त्या दगडावर थुंकून आली होती.

सुनेला त्याचं काय ठाऊक! पाणी मिळतंय, एवढंच तिनं ऐकलं. ती घागर घेऊन पळाली, दगडावरचा चिखल पदरानं पुसला, घागर खळग्यात ठेवली.

"आत्याबाई, या की लवकर!" तिनं हाक मारली. "बघा, कशी नेमकी बसली."