हाताची सवय

बोंडअळीनं कापूस खाल्ला, कास्तकाराला कोणी पोरगी देईना, म्हणून बादलनं यवतमाळच्या एका बारमध्ये नोकरी धरली. दिवसभर काउंटरवर पेग भरायचे. आई सुखीबाई मात्र सोयऱ्यांना ‘हॉटेलात आहे’ एवढंच सांगायची.

दारव्ह्याजवळच्या तांड्यावर मायलेक पोरगी पाहायला गेले. दारात पोरीचे वडील धनसिंग दिसले आणि बादलनं चटकन मान खाली घातली. धनसिंगनंही नजर चुकवली.

“आमचा पोट्टा थेंबबी घेत नाही,” सुखीबाई म्हणाली. ते खरंच होतं.

पोरीच्या आईचे डोळे भरून आले. “बाई, आमाले दुसरं काहीच नाही पाह्यजे.”

पोरगी, उज्ज्वला, तांब्याभर पाणी आणि ग्लास घेऊन आली. ग्लास घ्यायला धनसिंगनं पुढे केलेला हात थरथरला, तसा बादल सवयीनंच पुढे झाला. त्यानं ग्लास अर्धा भरून त्यांच्या दोन्ही हातांत दिला आणि थरथर थांबेपर्यंत खालून आपला तळवा लावून ठेवला.

उज्ज्वला त्या हातांकडे पाहत राहिली.

“बाबाले भरला गिलास धरता येत नाही, हे आमी घराबाहेर कोनालेच सांगतलं नाही,” उज्ज्वला हळूच म्हणाली. “त्याईले तुमीच पाजता काय?”