दम खाणारा फ्लॅश

नवा फ्लॅश घ्यावा की नको, या घोळात मी सहा महिने घालवले. जुना एकदा चमकला की पुढच्या फोटोआधी दम खात बसायचा. काल स्टुडिओत एक आजी दोघा मुलग्यांना घेऊन आल्या. नऊ वर्षं अबोला धरलेले भाऊ आईच्या हट्टाखातर शेजारी उभे राहिले. पहिल्या फोटोला दोघांनी तोंडं फिरवली. पुन्हा बटण दाबलं, फ्लॅश ढिम्म. माझं डोकं तापलं. थोरला वैतागला, “ताई, फोटो काढताय की पुतळे बनवताय?” धाकटा उसळला, “दादा बरोबर बोलतोय! हा डबा भंगारात टाका!” मग दोघं मिळून माझ्यावर तुटून पडले. मी कावून म्हटलं, “आजी, उद्याच नवा फ्लॅश आणते.” आजींनी डोळे पुसत माझा हात धरला. “घाई नको, पोरी. नऊ वर्षांनी यांचं एकमत झालंय. आणखी थोडी बोलणी खा.”