माहेरची मेंढरं

यमाईच्या पायरीवर हात ठिवून सांगती, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय.

सरकारी दवाखान्याची आशाताई जैनब दारात दिसली तशी नानासोनं बायकूला आत जायला सांगितलं. बनाबाई हलली न्हाई.

जैनब म्हणाली, बुधवारी सरकारची डोळ्याची गाडी येतीया, मोतीबिंदू साताऱ्याला फुकट काढत्यात, न्यायचं-आणायचं बी तेच बघत्यात. नानासो म्हणाला, म्हातारीला झेपायचं न्हाई. मागं गाडी आली तवा त्यानं तिला ताप भरलाय म्हणून सांगितलं हुतं. त्याच्या आदुगर तर शिराळ्याला पाव्हण्यांकडं धाडून दिलती.

बनाबाईचं दोन्ही डोळं गेल्यालं. दिसभर उंबऱ्यावर बसून असायची. दिस मावळला की नानासो मेंढरं घिऊन यायचा. ती मेंढरं तिच्या बापानं दिल्याली, तिचा जीव त्यांच्यात. घंट्या वाजत दारावरनं जायच्या. एक मेंढी जवळ यायची, बनाबाई तिच्या पाठीवरनं हात फिरवायची.

"समदी आली का?"

"आली."

रोज एवढंच.

जैनबनं बॅटरी काढली. एका डोळ्यात मारली, मग दुसऱ्यात. कायतरी बोलणार, तवर बनाबाईनं तिचा हात दाबला.

"ऑपरेशन लागंल," जैनब म्हणाली.

"मग मला जायचं हाय," बनाबाई म्हणाली.

नानासो आत गेला, बाहीर आला, परत आत गेला. चहा कुणी मागितला नसताना चूल पेटवली. बुधवारी गाडी हलली तसा लंगडत वळणापतूर मागं गेला. म्हातारी साताऱ्याला हुती तवर त्यानं जैनबचं डोकं खाल्लं. किती दिसंल? जवळचंच का लांबचं बी?

"समदं दिसंल, नाना."

त्यो खालीच बसला.

पट्टी सुटली. काळा चष्मा लावून बनाबाई परत उंबऱ्यावर येऊन बसली. म्हणाली, "आवं, मेंढरं आणा. बघती."

दिस मावळायला नानासो आला. मागं एकच मेंढी. आन् समद्या कळपाच्या घंट्या त्याच्याच गळ्यात. गुडघं गेलं तवाच त्यानं कळप लोणंदच्या बाजारात इकला हुता, आन् तिला सांगायची छाती झाली न्हवती. तवापास्नं रोज असाच यायचा.

बनाबाईनं चष्मा काढला. लय येळ बघितलं.

"समदी आली," ती म्हणाली. "आता त्या घंट्या उतरवा आन् बसा. गुडघं दुखत असत्याल."

झालं ते असंच झालं. माझ्या पदरचं एवढंच, की बनाबाईचं दोन्ही डोळं गेलं हुतं. गेला हुता एकच.