उतरलेले सेल

"गायक खर्जातला हवा, सिंथेसायझर उदास हवा आणि शब्द रशियनच हवेत." शिरीषने आठवणीतली चाल गुणगुणून एवढं सांगायचा अवकाश, गाणी रचणाऱ्या एआय यंत्राने गाणं करून दिलं. मॉस्कोत डॉक्टरकी शिकताना उज्ज्वलाबरोबर ऐकलेली ती कॅसेट कधीच हरवली होती. आज मिरजेत, लग्नाच्या वाढदिवसाला, त्याला ते गाणं बायकोला परत द्यायचं होतं.

उज्ज्वलाने डोळे मिटून ऐकलं. "चाल तीच आहे रे. पण आपलं गाणं इतकं घाईत नव्हतं."

"अशा गाण्यांचा वेग एवढाच असतो," यंत्र नम्रपणे म्हणालं.

ती खुदकन हसली. "अरे शिरीष, आपल्या टेपचे सेल कायम उतरलेले असायचे! मी मुठीत धरून गरम करून तुझ्या हातात द्यायचे, तेव्हा कुठे एखादं कडवं वाजायचं. सांग याला, सेल संपत आलेत म्हणावं."

त्याने सांगितलं. गाणं जडावलं, गायकाचा आवाज खोल खोल गेला आणि होस्टेलची ती गारठलेली खोली शिरीषच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. कडव्याच्या मधेच गाणं घरघरत थांबलं.

शिरीषने सवयीने हात पुढे केला.

उज्ज्वलाने आपली रिकामी, उबदार मूठ त्याच्या तळहातावर ठेवली.