बावन्न सोमवार

"पप्पा, बेसा ते धंतोली किती किलोमीटर?"

"दहा," बूट काढता काढता रोहित म्हणाला. "जाऊन-येऊन वीस."

सोनिकानं वहीत वीस लिहिलं. मग त्याखाली ब्याण्णव लिहिलं आणि दोन्ही आकड्यांकडे कपाळाला आठ्या घालून बघत राहिली.

पोर पाचवीतली, पण हिशेबाला पक्की. आपल्या घरची गाडी वर्षाला किती कार्बन हवेत सोडते याचा अंदाज काढून आणा, असं शाळेनं सांगितलं होतं. दोनशे किलोच्या आत आला तर वहीवर हिरवं पान, वर गेला तर पिवळं. एक लिटर पेट्रोल जळलं की सव्वादोन किलोहून जास्त कार्बन निघतो, हे बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं. "एका लिटरातून दोन किलो? दुधात पाणी घालणाऱ्यालेही जमत नाही वं हे," असं म्हणून आजोबांनी, रुपरावांनी, तिला चिडवलंही होतं.

गाडी सोमवारशिवाय हलतच नव्हती. दर सोमवारी रोहित रुपरावांना घेऊन धंतोलीच्या दवाखान्यात केमोला जायचा, तेवढंच. तीन आठवडे सोनिका रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी संध्याकाळी गाडीत शिरून मीटरचा आकडा टिपून ठेवत होती. हे मात्र तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

"मग मीटर ब्याण्णव काहून दाखवते? तिन्ही सोमवारी ब्याण्णवच."

रोहितच्या हातातला बूट हातातच राहिला.

डॉक्टरांनी आशा सोडली होती. आता औषध थांबवा, घरी न्या, दोन महिने समजा, असं त्यांनी सांगितलं त्या दिवशी रुपरावांनी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच मुलाचा हात धरला. "तुझ्या आईले सांगू नको गा. सोमवारी निघतो तसंच निघत जाऊ." तेव्हापासून बापलेक फाईल काखोटीला मारून घरातून निघायचे आणि थेट उमरेडजवळच्या आपल्या गावी जायचे. शेताच्या धुऱ्यावर बसायचे. रोहितच्या आईनं, सुभद्राबाईंनी, दिलेली बिनतिखटाची खिचडी खायची आणि वेळ झाली की परतायचं. सगळा विचार करून ठेवला होता. घराच्या वळणावर गाडी थांबवून रोहित बापाच्या मनगटाजवळ, सलाईनची सुई लागते तिथं, चिकटपट्टीदेखील लावायचा. फक्त मीटरचं भान राहिलं नव्हतं, आणि चोरी पकडायला घरचीच पोर निघाली.

"रस्त्याचं काम सुरू आहे बेटा," तो म्हणाला. "फिरून जावं लागते."

"बहात्तर किलोमीटर फिरून?"

रुपराव दिवाणावर डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते, हे त्यांच्या पापण्यांवरून कळत होतं. शेजारी सुभद्राबाई खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसल्या होत्या. नवऱ्याची कातडी आता फार पातळ झाली होती. पट्टी ओढली तर सोलून निघेल, म्हणून दर सोमवारी त्या कडेकडेनं तेल सोडून ती अलगद काढायच्या.

"ब्याण्णवच लिही वं बाई," मान वर न करता त्या म्हणाल्या. "गावाले जाऊन येते गाडी."

रुपरावांनी डोळे उघडले. "तुले कोणं सांगतलं?"

"सांगाले कोण पाहिजे? तीन सोमवार झाले, पट्टी मीच काढून राहिली ना. खाली सुईची खूण नाही. अन् चपलेले काळी माती. दवाखान्यात कुठची आली काळी माती?"

आईनं ओरडावं, दोन शिव्या द्याव्यात, असं रोहितला फार वाटलं. तीन आठवडे त्यानं तिच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता. पण ती ओरडली नाही. पट्टीचं दुसरं टोक तेवढंच सावकाश सोडवत राहिली.

सोनिकाला यातलं काही कळलं नाही. तिचं दुःख वेगळंच होतं. गाडी लिटरला सोळा किलोमीटर जाते, त्या हिशेबानं वीस किलोमीटर धरले तर सोमवारचे तीन किलो होत होते, वर्षाचे एकशे छप्पन, म्हणजे हिरवं पान. आता सोमवारचे तेरा झाले.

"तेरा गुणिले बावन्न, सहाशे शहात्तर," ती रडवेली झाली. "पिवळंच भेटते मग. आजी, वर्षात बावन्नच सोमवार असतात नं?"

"असतात."

सुभद्राबाईंनी पदरानं नवऱ्याच्या हातावरचं तेल टिपलं. मग पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"तुमचे किती धराचे, ते सांगा हिले."

"आई..." रोहित पुढे झाला.

"तू थांब गा. त्याहिले सांगू दे."

रुपराव आपल्या कोऱ्या मनगटाकडे बघत राहिले. हात अजून बायकोच्याच हातात होता.

"आठ," ते म्हणाले. "त्यातले तीन झाले."

सुभद्राबाईंनी मान डोलावली. हात सोडला नाही.

सोनिकानं खोडरबरानं बावन्न खोडलं, फुंकर मारली आणि तिथं आठ लिहिलं. ओठांतल्या ओठांत गुणाकार केला आणि वही घेऊन ती उड्या मारतच दिवाणापाशी आली.

"आजोबा, एकशे चारच आले! भेटलं आपल्याले हिरवं पान!"