गालावरची बेल

साठी उलटल्यावर मला गालावरचा टपोरा तीळ खुपायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असा काढते, की व्रण शोधूनही सापडणार नाही." बायको म्हणाली, "या वयात तुमच्याकडे बघतंय कोण?" तरी मी तो काढून घेतलाच.

रविवारी नात आली. तिने मांडीवर चढून तो तीळ बेलसारखा दाबायचा आणि मी "कोण आहे?" म्हणायचं, हा आमचा नेहमीचा खेळ. तिने माझ्या तोंडावरून बोट फिरवलं, पण बेल मिळेना. मग गुपचूप उतरून ती आजीकडे गेली आणि दिवसभर माझ्याकडे फिरकली नाही.

पुढच्या रविवारी ती यायच्या आत मी बायकोची भुवयांची पेन्सिल पळवली. चष्मा लावून व्रण शोधला, पण डॉक्टरीणबाई शब्दाला पक्क्या निघाल्या. शेवटी माझा जुना फोटो आरशाला टेकवला आणि फोटोत दिसतो त्याच बाजूला, आरशात बघून, हुबेहूब तीळ रेखला.

नातीने तो दाबला. मी ऐटीत विचारलं, "कोण आहे?"



"आजोबा, बेल त्या गालावर होती."